मीटरचा लाल ठिपका

सोसायटीच्या सामायिक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो आणि तो सतत लुकलुकत असतो, हे इतकी वर्षे त्या मीटरखोलीसमोरून जाऊनही मला ठाऊक नव्हते. त्या दिव्याच्या शेजारी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, म्हणजे ठिपका ३२०० वेळा चमकला की एक युनिट वीज खर्च झाली. पर्यावरणपूरक सुधारणांचा विचार करण्यासाठी सोसायटीने तिघांची उपसमिती नेमली, तेव्हा आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेला माणूस म्हणून तिच्यात माझे नाव घातले गेले, आणि मीही पहिल्या रात्री हिशेबनिसासारखाच वागलो. साडेबारा वाजता बॅटरी आणि घड्याळ घेऊन मीटरखोलीत उभा राहिलो आणि ठिपका एका मिनिटात किती वेळा चमकतो ते मोजले. ६४ वेळा. तासाला ३८४०, म्हणजे १.२ युनिट. लिफ्ट उभी, दारे बंद, सगळी इमारत झोपलेली. मग ही वीज कोण खात होते?

मीटरखोलीपर्यंत मी पोचलो त्याला वार्षिक सभा कारणीभूत झाली. तिथे एकाने गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय काढला, दुसऱ्याने ओल्या कचऱ्याच्या खताचा, तिसऱ्याने पावसाचे पाणी साठवण्याचा, चौथ्याने विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चार्जिंगचा. आणि पर्यावरणाच्या नावाने आलेल्या विषयाला उघड विरोध करणे कोणालाच बरे दिसेना, त्यामुळे सगळे विषय एकमताने पसंत होऊन एकही मंजूर न होण्याच्या त्या अवस्थेला सभा पोचली, जिथे उपसमिती नेमली जाते. पुढच्या महिनाभरात विक्रेत्यांची माहितीपत्रके आली. प्रत्येकावर हिरवे पान होते, प्रत्येकात 'इतक्या वर्षांत पैसे वसूल' हा आकडा ठळक होता, आणि आमची सोसायटी आज नेमकी किती वीज आणि किती पाणी वापरते, हा प्रश्न मात्र एकानेही विचारला नव्हता. नाडी न पाहता औषध देण्यातला तो प्रकार होता.

रात्रीच्या विजेचे उत्तर फारसे गूढ निघाले नाही. जिन्यात, पार्किंगमध्ये आणि आवारात मिळून २२ जुन्या ट्यूबलाइट रात्रभर जळत होत्या. अशा ट्यूबवर ३६ वॅट लिहिलेले असते, पण जुन्या पद्धतीचा चोक हिशेबात धरला तर एकेक ट्यूब ४५ ते ५० वॅट घेते. बावीस ट्यूबांचे मिळून एक किलोवॅटच्या वर गेले आणि उरलेली वीज कॅमेऱ्यांच्या व त्यांची नोंद ठेवणाऱ्या पेटीच्या नावावर पडली. तेवढाच उजेड १८ ते २० वॅटची एलईडी ट्यूब देते, आणि जिन्यात माणसाची चाहूल लागली की उजळणारा सेन्सर बसवला तर तीही बहुतेक रात्र मंद किंवा बंद राहते. चौथ्या मजल्याच्या जिन्यात मध्यरात्रीनंतर कोण येते, तर त्या आठवड्यात ट्यूबा मोजायला गेलेला मी.

इथे मला एक अडचण प्रामाणिकपणे छळत होती, ती अशी की चालू ट्यूब काढून टाकणे हेच मुळी उधळपट्टीचे नाही का. पण जी वस्तू रोज अकरा-बारा तास जळते, तिच्या बाबतीत ती बनवायला लागलेल्या ऊर्जेपेक्षा ती जळताना खाते ती ऊर्जा कितीतरी मोठी असते. तेव्हा ती बंद पडण्याची वाट पाहण्यात काटकसर नव्हती. जुन्या ट्यूबेत काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून ती कचऱ्याच्या डब्यात फोडून टाकायची नाही, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे अखंड द्यायची, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. ज्या निळ्या एलईडीमुळे असा पांढरा उजेड शक्य झाला, तिच्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्याकडे त्याच दिव्याच्या विषयाला सभेत पाच मिनिटेही मिळेनात, कारण बदललेली ट्यूब कोणाच्या नजरेत भरत नाही. सौर पॅनेलसमोर उभे राहून फोटो काढता येतो. जिन्यातल्या ट्यूबेखाली कोण उभे राहणार?

मोजणीच्या तिसऱ्या रात्री एक गोष्ट घडली. एक वाजून गेला असेल. माझे मोजणे चाळिसाच्या आसपास आले होते आणि तेवढ्यात ठिपका एकदम धावू लागला, इतका की मोजणे अशक्य झाले. पंप सुरू झाला होता. वरच्या टाकीतली पातळी खाली गेली की पंप आपोआप लागतो, ही सोय आम्हीच करून घेतली होती. पण सगळे झोपलेले असताना पातळी खाली जाते कशी? पुढच्या रात्रीही तेच झाले, आणि पहाटेपर्यंत पंप दोनदा लागला. जमिनीखालची आणि भिंतीतली मुख्य पाइपलाइन तपासली, ती कोरडी होती. मग उपसमितीतल्या एका ताईंनी सुचवले म्हणून आम्ही घरोघर गेलो आणि प्रत्येक फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून, पंधरा मिनिटे कोणी फ्लश ओढू नये अशी विनंती करून, थांबलो. भांड्यातले पाणी रंगले की टाकीच्या तळाचे रबर गळते, असा तो साधा नियम. पाच घरांत पाणी रंगले. कोणालाही आवाज येत नव्हता, कोणाच्याही फरशीवर थेंब नव्हता, आणि तरीही ते पाणी रात्रंदिवस जात होते. पाचही रबरे एका दुपारी बदलून झाली. माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात या सुधारणेचे पत्रक नव्हते, कारण ती विकून कोणाचे पोट भरत नाही.

या पंपाच्या निमित्ताने मी एक आकडेमोड केली आणि तिने माझा बराच गर्व उतरवला. हजार लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला शास्त्रानुसार ०.०८ युनिट पुरते. पंपाचा आणि पाइपचा तोटा धरून ०.२ युनिट म्हणू. तेच हजार लिटर पाणी अंघोळीसाठी केवळ २५ अंशांनी तापवायला मात्र सुमारे २९ युनिट लागतात. म्हणजे पाणी वर नेण्यापेक्षा ते तापवणे शंभर पटींहून महाग आहे. आणि नवा, अधिक कार्यक्षम पंप घ्यावा की नाही यावर आम्ही ज्या दोन बैठका घातल्या, त्यांपेक्षा घराघरांतल्या शॉवरला पाणी कमी सोडणारी जाळी बसवण्याने वीज कितीतरी जास्त वाचली असती. पण शॉवर दाराच्या आत आहे. सोसायटीच्या मालकीचे काय, तर जिना, गच्ची, आवार, पंप आणि लिफ्ट. खरा खप ज्या ठिकाणी होतो तिथे जाण्याचा अधिकार तिला नाही आणि असूही नये. फ्लश तपासायला आम्हाला आत घेतले ते ओळखीपोटी, ठरावाच्या जोरावर नव्हे. सामायिक सुधारणांची ही मर्यादा एकदा लक्षात आली, की 'आपली सोसायटी हिरवी करू' हे वाक्य उच्चारताना जीभ थोडी अडखळते, आणि ती अडखळलेली बरी.

गच्चीचा विषय मात्र सोसायटीच्याच हद्दीतला होता, आणि तो सगळ्यांत मोठाही होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला तेव्हा तो अंगावर पडलेल्या उन्हापैकी सहा टक्क्यांच्या आसपास भागाची वीज करत होता. आज बाजारात मिळणारी पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत, म्हणजे एक किलोवॅटसाठी सुमारे पाच चौरस मीटर पॅनेल पुरते. कागदावर आमची गच्ची ऐसपैस होती. प्रत्यक्षात तिच्यावर पाण्याच्या दोन टाक्या, लिफ्टची खोली आणि एक अर्धवट पाडलेली शेड आहे, आणि या सगळ्यांना सावली आहे. ती मोजायला आम्ही मुद्दाम वर्षातल्या आखूड दिवसांची वाट पाहिली, कारण सूर्य खाली असतो तेव्हा सावली सर्वांत लांब पडते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावलीची कड आखायची, तिच्याशेजारी वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे, असे आम्ही आठवडाभर केले. इमारतीतली मुले त्या रेषांना पटांगण समजून त्यांच्यावर उड्या मारत, ते सोडले तर काम शिस्तीत झाले. विक्रेत्याच्या आराखड्यातली एक अख्खी रांग दुपारी दोननंतर टाकीच्या सावलीत जात होती. पॅनेलमधले घट एकमेकांना साखळीने जोडलेले असतात. हातोहात बादल्या पुढे देणाऱ्या माणसांच्या रांगेत मधल्या एकाने हात आखडला की सगळी रांग खोळंबते, तसे या साखळीचे होते, आणि आडवाटेने प्रवाह नेणारे डायोड असले तरी नुकसान टळत नाही, फक्त आटोक्यात राहते. शिवाय ऊन कडक असले की वीज जास्त, हा समजही अर्धाच खरा आहे. पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. पॅनेलला लख्ख उजेड मानवतो, उष्मा मानवत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न गच्चीच्या पोटातला होता. गच्चीचे वॉटरप्रूफिंग जुने झाले होते, वरच्या मजल्यावर दोन ठिकाणी ओल दिसत होती, आणि पंचवीस वर्षांची हमी असलेली पॅनेल आम्ही अशा पृष्ठभागावर उभारायला निघालो होतो जो पाच वर्षेही टिकेल याची खात्री नव्हती. आधी सांगाडा उभारायचा आणि मग गळती काढण्यासाठी तो पुन्हा उतरवायचा, असे झाले असते तर पैसे वसूल होण्याचे गणित तिथेच बुडाले असते. त्याच गणितात आणखी एक खाच होती: विक्रेत्याने पॅनेलची संख्या ठरवली होती ती आमच्या जुन्या वीजबिलावरून, म्हणजे त्या बावीस ट्यूबा आणि गळकी रबरे धरून. उधळपट्टी भागवण्यासाठी गच्चीवर काच पसरण्यापेक्षा उधळपट्टी थांबवून उरलेल्या गरजेपुरतीच काच पसरणे शहाणपणाचे, हे सभेला पटवायला मला कोणताही सिद्धांत लागला नाही. दोन बिले शेजारी ठेवली, तेवढ्यात काम झाले.

पटले नाही ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना. सभेत त्यांनी शांतपणे विचारले, "हे पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील म्हणालात?"

"साधारण सहा ते सात, आजोबा."

"मी पंच्याऐंशीचा आहे. माझ्याकडून तेवढ्या हिशेबानेच घ्या."

सगळे हसले, आजोबाही हसले, पण हसण्यावारी न्यावे असे ते बोलणे नव्हते. परतफेडीचा काळ हा आकडा सगळ्यांसाठी एकच असतो, आणि तो भोगणारा प्रत्येक माणूस वेगळ्या ठिकाणी उभा असतो. ज्याला दोन वर्षांत घर विकायचे आहे त्याला सहा वर्षांचा फायदा नको असतो. भाड्याने राहणाऱ्याला कमी झालेला खर्च हवा असतो, पण मोठ्या कामाची वर्गणी मालकाने द्यायची असते आणि मालक इथे राहत नसतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला तर उन्हाचा ताप खरोखर कमी होतो, मात्र तो वरच्या मजल्याचा. तळमजल्यावरच्याने त्यासाठी पैसे का द्यावेत, याला 'इमारत सगळ्यांची आहे' हे उत्तर खरे असले तरी पुरेसे वाटत नाही. मी कित्येक वर्षे ताळेबंद तपासले आहेत, पण एकाच खर्चाला इतकी वेगवेगळी वजने असू शकतात हे मला त्या सभेत बसून कळले. शेवटी आम्ही वेगळी वर्गणी न काढण्याचे ठरवले. आधी ट्यूबा आणि सेन्सर, जे सोसायटीच्या शिलकीतून भागत होते. त्यातून दर महिन्याला बिलात जी बचत होईल ती मेंटेनन्समध्ये न मिसळता वेगळ्या खात्यात. आणि त्या खात्याला बळ आले की पुढचे काम. सावकाश जाणारा मार्ग आहे, हे मान्य. पण त्यात आजोबांना देण्यासारखे उत्तर होते.

वेगळ्या खात्याचा आग्रह मी धरला त्याला दुसरेही कारण होते. एलईडी बसवून दोन महिने होत नाहीत तोच इमारतीचा दर्शनी भाग रात्रभर उजळावा, बागेत आणखी दहा दिवे लावावेत, अशी सूचना आली. युक्तिवाद असा की 'एलईडीच तर आहेत, त्यांना वीज लागते कितीशी.' विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले म्हणून कोळशाचा खप घटत नाही, उलट स्वस्त झालेली शक्ती नव्या नव्या ठिकाणी वापरली जाऊन तो वाढतो. जेव्हन्सचा कोळसा आमच्या बागेत अशा रीतीने उगवेल, असे मला वाटले नव्हते. बचत खात्यात गेलेली असली की निदान ती कशावर उडवायची याचा ठराव तरी आणावा लागतो.

खताच्या बाबतीत आम्ही चुकलो, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. एका विक्रेत्याने चोवीस तासांत खत देणारे यंत्र दाखवले. त्यातून निघालेला तपकिरी भुगा कोरडा आणि बिनवासाचा होता, आणि आम्ही जवळजवळ होकार दिला होता. ताईंनी मात्र मूठभर भुगा घरी नेला, ओला करून झाकून ठेवला आणि चौथ्या दिवशी तो डबा बैठकीत उघडला. बैठक लगेच संपली. यंत्राने कचरा तापवून, वाळवून बारीक केला होता; कुजण्याचे काम जीवाणूंचे असते, आणि त्यांना चोवीस तासांत उरकायला लावता येत नाही. मग आम्ही आवाराच्या कोपऱ्यात विटांचा एक हौद बांधून आठ तयार घरांपुरती सुरुवात केली. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते, वाळक्या पानांत कर्ब जास्त असतो, आणि कर्बाचे नत्राशी प्रमाण पंचवीस-तीसास एक असे राहिले की ढीग नीट कुजतो, हे आम्ही वाचले होते. पण पाने संपली तेव्हा ती आणायची कोणी, हे कुठेच लिहिलेले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात हौदाला आंबूस वास सुटला आणि तळमजल्यावरच्या काकू भर आवारात म्हणाल्या, "पुण्य सगळ्यांचं, आणि वास तेवढा माझ्या खिडकीत!" यावर कोणाकडेही उत्तर नव्हते. हौद दुसऱ्या भिंतीला हलवला गेला, वाळक्या पानांची पोती आधी भरून ठेवली जाऊ लागली, आणि खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही आली, जिच्यात त्या दिवशी ढीग कोणी खालीवर केला त्याने सही करायची. लोखंडी सळई ढिगात खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढायची आणि हाताने पाहायची. चटका बसेल इतकी तापली असेल तर ढीग साठ अंशांच्या आसपास आहे आणि काम चालू आहे. गार निघाली, तर वहीतली सही खोटी आहे.

सामायिक मालमत्ता शेवटी ओरबाडलीच जाते, असे अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले आणि ते पुष्कळांना पटले. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवले की नेहमी तसे होत नाही, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या उदाहरणांतले स्वित्झर्लंडमधले तोर्बेल हे गाव मला फार आवडते: हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील त्याहून जास्त गाई उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात कोणी सोडायच्या नाहीत, असा नियम तिथे १५१७ पासून आहे. नियम गावाचा, लक्ष ठेवणारेही गावातलेच. आमची दोरीला बांधलेली वही त्या कुळातली आहे, एवढेच मी म्हणेन. पाचशे वर्षांचा दावा करण्याइतकी ती अजून जाड झालेली नाही.

बाकीचे विषय लवकर मिटले. पावसाच्या पाण्याचे गणित सर्वांत सोपे आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, तेव्हा ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८००० लिटर, त्यातून बाष्पीभवन आणि सांडलवंड वजा. पहिल्या पावसाचे धुळकट पाणी बाहेर सोडणारी झडप आणि गाळणी आवश्यक. ती गाळणी दर पावसापूर्वी साफ कोण करणार, हे नाव ठरल्यावरच आम्ही तो विषय मंजूर केला. चार्जिंगसाठी लगेच काही बसवले नाही, कारण संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम लावल्या तर आमची मुख्य केबल तो भार पेलणार नव्हती. आवार खोदलेलेच होते म्हणून तेवढ्यात रिकामा पाइप मात्र टाकून ठेवला. गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले. पॅनेल अजून बसलेली नाहीत, आणि खडूच्या रेषा आराखड्यावर उतरवून घेतल्या आहेत.

परवा रात्री झोप लागत नव्हती म्हणून मी पुन्हा मीटरखोलीत गेलो. घड्याळ धरले आणि मोजले. मिनिटाला १४. कॅमेरे, त्यांची पेटी आणि कायम लागणारे मोजके दिवे, एवढेच ते असणार. खात्री करून घ्यावी म्हणून दुसरे मिनिट मोजायला घेतले, तर सातव्या चमकेनंतर ठिपका अचानक धावू लागला. एक वाजून दहा मिनिटे झाली होती. कोणाच्या तरी घरचे नवे रबर जुने झाले होते. रंगाची बाटली घरात नेमकी कुठे ठेवली आहे ते आठवत मी जिन्याकडे वळलो, आणि माझी चाहूल लागून पहिल्या मजल्यावरचा दिवा उजळला.